मोहरकी धरणारा हात

"ताई, माझं वय २९. पुण्याजवळच्या एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबात सहा वर्षं घोड्यांची देखभाल करते. चौदा घोडे आणि आम्ही दोघंच माणसं. मैना नावाची बावीस वर्षांची कुमेत घोडी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती. गेल्या महिन्यात पहाटे साडेचारला ठाणात गेले तर ती घामाने निथळत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती, सारखी मान वळवून पोटाकडे बघत होती. रात्रभर लीद टाकली नव्हती. डॉक्टर तासाभरात आले. इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घातली, हात घालून तपासलं. आतड्याला पीळ पडलाय म्हणाले. या वयात ऑपरेशन झेपणार नाही असं ठरलं. मालकांनी फोनवर होकार दिला आणि नऊ वाजता तिला कायमचं झोपवलं. मोहरकी, तिच्या तोंडावरचा धरायचा पट्टा, मी धरली होती. कानाशी 'काही नाही गं, काही नाही' म्हणत होते आणि ती माझ्यावर भरवसा ठेवून शांत उभी राहिली. मी तिच्याशी खोटं बोलले. आदल्या संध्याकाळी तिने तोबऱ्यात थोडी चंदी, म्हणजे दाणा, शिल्लक ठेवली होती. मी पाहिलं होतं आणि कोणालाच सांगितलं नाही. आता झोप लागत नाही, तीच पहाट डोळ्यांसमोर येते. शेजारच्या ठाणातला बादल मी जवळ गेले की मान वर टाकतो, लगाम चढवू देत नाही. त्याने सगळं पाहिलंय. घोड्यांना माणसाच्या मनातलं कळतं म्हणतात, मग मी काय केलं ते त्याला कळलं असेल का? आई म्हणते, घोडीच तर होती, तीही दुसऱ्याची. तिची मोहरकी अजून खुंटीलाच आहे, कोणी हात लावत नाही. मी काय करू?"

— अ., पुणे जिल्हा

प्रिय अ.,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मैनेबरोबरच्या सहा वर्षांबद्दल त्यात एक ओळही नाही. सगळं पत्र पहाटे साडेचार ते सकाळी नऊ एवढ्यात अडकलंय. झोप लागत नाही त्याचं मूळ मला तिथे दिसतं, म्हणून आधी त्या साडेचार तासांबद्दलच बोलते.

सुरुवात चंदीपासून करू. खोटा दिलासा देणार नाही. खाणं कमी होणं हे पोटशुळाचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तर ते टोचतंय. पण म्हाताऱ्या घोडीने चंदी सोडण्याची कारणं पुष्कळ असतात. दात झिजलेले असतात, हवा बदललेली असते, दिवसभरात पाणी कमी प्यालेली असते. सहा वर्षांत मैनेने किती वेळा तोबरा अर्धवट सोडला आणि सकाळी ठणठणीत उभी होती, ते आठवा. त्या संध्याकाळी तुमच्यासमोर मूठभर चंदी होती. पहाट नव्हती.

१९७५ साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिगत वाचायला दिली. एका गटाला सांगितलं की इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं की गुरखे जिंकले, एका गटाला निकालच सांगितला नाही. ज्या गटाला जो निकाल सांगितला होता, त्याला तोच होणार हे त्या हकिगतीत आधीपासून दिसत होतं असं वाटलं. हकिगत सगळ्यांची एकच होती. निकाल कळला की मन मागे जाऊन खुणा गोळा करतं आणि मग विचारतं, तेव्हा कसं दिसलं नाही? तुमची ती मूठभर चंदी ही अशीच मागाहून सापडलेली खूण आहे.

त्यात घोड्याच्या पोटाची रचनाच अवघड. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. खाल्लेलं ओकून टाकायची सोय नाही. मोठं आतडं लांबच लांब आणि पोटात बरंचसं मोकळं, वायू भरला की जागचं हलतं आणि कधी पीळ पडतो. पीळ घट्ट बसला की रक्त पोचत नाही, आणि मग हिशेब तासांचा असतो. शस्त्रक्रियेची सोय हाताशी असलेल्या देशांतही पोटशूळ हे घोड्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे.

तरीही हा प्रश्न मी मिटवू शकणार नाही, कारण मी घोड्यांची डॉक्टर नाही. ज्यांनी मैनेला तपासलं त्यांना फोन करा. असंच विचारा: "आदल्या संध्याकाळी थोडी चंदी उरली होती, तेव्हाच कळवलं असतं तर काही फरक पडला असता का?" हे विचारायला तुम्हाला भीती वाटणार, ते 'हो' म्हणाले तर म्हणून. ते 'कदाचित' असंही म्हणतील. पण ते 'कदाचित' मग तुम्ही दोघं वाटून घ्याल. आज महिनाभर तुम्ही त्याचा 'नक्की' करून एकट्या वाहताय. आणि तबेल्यात एक वही ठेवा: कोणी किती खाल्लं, पाणी किती, लीद कशी. तेरा घोडे अजून तुमच्या हातात आहेत. संध्याकाळी मनात आलेली शंका कागदावर उतरली की ती रात्री उशाशी येत नाही.

फोन करायला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत आत्महत्येचं प्रमाण पुरुष पशुवैद्यांमध्ये २.१ पट आणि स्त्री पशुवैद्यांमध्ये ३.५ पट आढळलं. जनावराला बरं करायचा ध्यास घेऊन आलेल्या माणसाला हातात ते शेवटचं इंजेक्शनही धरावं लागतं, आणि मग गाडीत बसून पुढच्या तबेल्यावर जावं लागतं. त्या सकाळी तुम्ही दोघं एकाच मोहरकीच्या दोन बाजूंना होतात. त्यांनाही कोणी विचारलं नसेल.

आता तुमचा जो शब्द मला सगळ्यात जास्त लागला तो: खोटं.

'काही नाही गं' हे शब्द तुम्ही त्या सकाळी पहिल्यांदा म्हटले नाहीत, हे मी पैजेवर सांगते. नालबंद मागचा पाय उचलून मांडीवर घ्यायचा तेव्हा म्हटले असतील. लसीची सुई टोचताना, पावसाळ्यात पत्रा वाजला तेव्हा, पहिल्यांदा ट्रकच्या फळीवर चढवताना. मैनेच्या लेखी त्या शब्दांचा शब्दकोशातला अर्थ नव्हताच. त्यांचा अर्थ होता: ही आहे, हिचा हात मानेवर आहे, हिचा आवाज रोजच्यासारखा आहे. आणि ते शेवटच्या मिनिटापर्यंत खरं होतं. तुम्ही होता. हात होता. आवाज रोजचाच होता. तुम्ही तिला जे सांगितलं त्यातला एकही शब्द तिच्या भाषेत खोटा ठरत नाही.

घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. वेदना त्याला कळते, भीती फार कळते. पण 'मी आज मरणार' हा विचार त्याच्या मनात येतो असं म्हणायला आपल्यापाशी काही आधार नाही. म्हणजे त्या सकाळी मैनेच्या वाट्याला वेदना आलीच होती, वाढू शकत होती ती भीती. मोहरकी अनोळखी हातात असती, कोणी रडत, ओढत, घाईने तिला बाहेर काढलं असतं, तर तिने मान झटकली असती, मागच्या पायांवर उभी राहिली असती, त्या दुखण्यात अंग टाकलं असतं. डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं असेल, तरी ते टोचेपर्यंत तिला उभं कोणी ठेवलं? तुमचा आवाज कापला नाही, हे त्या सकाळचं सगळ्यात कठीण काम होतं. क्लबात दुसऱ्या कोणाला ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

फसवल्यासारखं का वाटतं ते मला समजतं. तुम्हाला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. बर्नार्ड रोलिन नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ होते, जनावरांशी माणसाने कसं वागावं यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. जनावरांची निगा राखणाऱ्या आणि त्यांनाच मरण देण्याची वेळ येणाऱ्या लोकांकडे १९८०च्या दशकात त्यांनी लक्ष वेधलं. या ताणाला त्यांनी नैतिक ताण म्हटलं. एरवीचा थकवा झोपेने, सुट्टीने उतरतो. हा तसा उतरत नाही, कारण ज्या कारणासाठी तुम्ही या कामात आलात त्याच्याच तो उलटा उभा असतो. म्हणून "विसर आता" म्हणणाऱ्यांचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो जे घडलं ते नीट, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणाला तरी सांगण्याचा. माझ्याकडे लिहून तुम्ही सुरुवात केलीच आहे.

बादलचं काय, ते आता.

घोड्यांना माणसाच्या मनातलं कळतं, हे लोक म्हणतात ते निम्मं खरं आहे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचा मालक, विल्हेल्म फॉन ओस्टेन, त्याला गणितं घाली आणि हान्स खुराने टापा मारून उत्तर देई. लोकांनी तोंडात बोटं घातली. १९०७ साली ओस्कार फुंग्स्ट यांनी छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नसे. टापा बरोबर आकड्यावर आल्या की विचारणारा नकळत डोकं जेमतेम हलवत असे, आणि हान्स ते बघून थांबत असे. गणित त्याला येत नव्हतं. माणसाचं अंग वाचता येत होतं, तेही त्या माणसाला स्वतःला पत्ता नसताना.

स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तुमच्या अगदी जवळचा आहे. माणसांना सांगितलं, घोडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चला, चौथ्या खेपेला वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री कोणी उघडलीच नाही. पण त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले. छत्रीची गोष्ट घोड्यांना कोणी सांगितली नव्हती.

बादलच्या बाबतीत हेच घडतंय असं मला वाटतं. तुम्ही त्याच्याकडे जाताना डोळ्यांपुढे मैनेचं ठाण असतं. खांदे वर चढलेले, श्वास छातीत अडकलेला, हात गार. आणि हातात काय? डोक्यावर चढवायची वस्तू. त्याला एवढंच कळतं की ही बाई कशाला तरी घाबरलीय, म्हणजे जवळपास घाबरण्यासारखं काहीतरी आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, रागावलेले आणि हसरे. रागावलेला चेहरा दिसला की त्यांचे ठोके लवकर चढत. चेहरा त्यांना इतका दिसतो. पण त्या चेहऱ्यामागची गोष्ट, इंजेक्शन कोणी दिलं, होकार कोणी दिला, चंदी कोणी पाहिली, ही त्याला कळणारी नाही. बादल तुमच्यावर आरोप करत नाही, अ. आरोप करायला लागते ती भाषा त्याच्याकडे नाही.

आणि एक राहून जातंय. बादलचीही शेजारीण गेलीय. इतकी वर्षं भिंतीपलीकडून रोज जिचा वास यायचा, सकाळी जिच्याशी खिंकाळून बोलायचा, ती एका सकाळी बाहेर गेली आणि परत आली नाही. घोडे कळपातल्या एखाद-दुसऱ्याशी जवळीक धरतात, एकमेकांची आयाळ दातांनी खाजवत तासतासभर उभे राहतात. तोही बिथरलेला असू शकतो. तुम्ही दोघं एकाच ठाणाकडे बघून घाबरताय.

म्हणून दोन आठवडे बादलला लगाम चढवायचं काम तुमच्या जोडीदाराला द्या. तसं त्यांना आणि शिकवणाऱ्या सरांना सांगा. तुम्ही रोज वीस मिनिटं नुसतं त्याच्यापाशी जा, रिकाम्या हाताने, खांद्याच्या बाजूने. नाकाशी जाऊ नका. आयाळ संपते तिथे, खांद्याच्या वरच्या उंचवट्यावर, बोटांनी खाजवा, एक घोडा दुसऱ्याला खाजवतो तसं. तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे फ्रान्समध्ये १९९३ साली मोजून पाहिलेलं आहे. त्याचा खालचा ओठ सैल सुटेल, मान खाली येईल, नाकातून लांब फुरफुर निघेल. त्याच्याबरोबर तुम्हीही श्वास सोडा. आणि शांत असल्याचं सोंग आणू नका, ते त्याला पचत नाही. रडू आलं तर तिथेच रडा. आतून ताठ आणि वरून हसऱ्या बाईपेक्षा त्याला रडणारी, सैल बाई परवडते.

मात्र बादलला तुमचा डॉक्टर करू नका. हे मी जपून सांगतेय, कारण आजकाल घोड्याच्या सहवासाने मन बरं होतं असं सगळीकडे ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. लिस हार्टेल या डॅनिश बाईंना पोलिओने गुडघ्याखाली पाय हलवता येत नसत. त्यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये जुबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना माणूस लागे. त्यांच्या यशानंतर उपचार म्हणून घोडेस्वारी जगभर पसरायला मोठं बळ मिळालं. पण ही गोष्ट सांगताना जुबिलीला पहाटे खरारा करणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. तासाभरासाठी येणाऱ्याला घोडा शांती देतो. चौदा घोड्यांची लीद उपसणाऱ्याला तो जीव लावतो आणि कामही लावतो. दोघांच्या गरजा एक नाहीत.

तुमची गरज आधी झोपेची आहे. चौदा घोडे आणि दोन माणसं, हा आकडा पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबले. मैना गेली त्या दिवशी दुपारी तुम्ही चारा घातलात की घरी गेलात? मला वाटतं, घातलात. मालकांशी बोला आणि आठवड्याच्या सुट्टीचा दिवस खरोखर घ्या, लागून दोन दिवस मिळाले तर फार बरं. मालक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी फोनवर होकार दिला आणि तो त्यांनाही जड गेला असेल. पण होकार देणारा फोन ठेवू शकतो, मोहरकी धरणाऱ्याला ती सोडता येत नाही, आणि हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. आणखी दोन-तीन आठवड्यांत झोप आली नाही, जेवण तुटलं, ती पहाट दिवसाही अंगावर यायला लागली, तर समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा. जगण्यात राम वाटेनासा झाला तर तेवढीही वाट बघू नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

राहिली आई. तिच्यावर रागावू नका. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाला नाव दिलं: ज्या दुःखाचा हक्कच समाज मानत नाही ते दुःख. सुतक नाही, कोणी भेटायला येत नाही, रजा मागावी तर कारण काय लिहायचं. तुमचं तर दुहेरी नाकारलेलं, जनावराचं आणि तेही दुसऱ्याच्या मालकीचं. आपल्याकडे पूर्वी शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. पण मोहिमेवर रात्री घोड्याच्या पोटाला कान लावून बसायची वेळ आली तर बारगीरही बसत असणारच, घोडा कोणाचा हे बघत नसणार.

मी आठ वर्षांची असताना आजोळी सर्जा नावाचा बैल गेला. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. शेजारून पाटीभर भाकरी आल्या. माणसं येऊन ओट्यावर बसली, फारसं कोणी बोललं नाही, आजोबा दावं हातात घेऊन बसले होते. 'बैलच तर होता' असं त्यांना कोणी म्हटलं नाही. तुमच्या आईच्या माहेरी बैल असेल, म्हैस असेल. तिला त्याबद्दल विचारा, मैनेचं नाव न काढता. तिला बोलू द्या. तिचं बोलून झालं की मग तुमचं सांगा, पण पहाटेपासून नको. मैना पहिल्यांदा भेटली त्या दिवसापासून सांगा. तिला काय आवडायचं, कोणाला बसू द्यायची नाही, तुमच्या खिशात नाक घालून काय शोधायची. आणि हे सगळं मलाही लिहा, पत्रात ते राहिलंय.

आणि ती मोहरकी. खुंटीवरून कोणी काढत नाही, कारण सगळ्यांना वाटतं ती तुमची आहे. कागदोपत्री ती क्लबाची. म्हणून न विचारता घरी आणू नका आणि न विचारता तिथे लटकतही ठेवू नका. मालकांसमोर उभं राहून मागा, मेसेज नको. "मैनेची मोहरकी मला हवी आहे," एवढंच. घरी नेल्यावर धुऊ नका लगेच. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तिचे केस अडकलेले असतील.